'जी-एल' आलं की चमकतं, 'एस-एन' आलं की नाक: इंग्रजी शब्दांची ही काय भानगड?

ओसरीवर | बुधवार, रात्री ९.४०

नारायण पेठेत घरीच शिकवणी घेते. पाचवी-सहावीची सात मुलं, निम्मी मराठी माध्यमाची, निम्मी सेमीची. स्पेलिंगं पाठ होत नाहीत ही ओरड कायमचीच, म्हणून यंदा जरा वेगळं केलं. सुरुवातीची दोन अक्षरं सारखी असलेले शब्द एका दिवशी, एकगठ्ठा द्यायचे. काल जी-एलची पाळी होती. फळ्यावर लिहिलं: ग्लास, ग्लो, ग्लिटर, ग्लीम, ग्लेअर, ग्लॉसी, ग्लिमर. एकेकाचा अर्थ सांगत होते. काच, उजळणं, चमचमणं, लकाकणं, डोळे दिपवणं... तोवर मागच्या सतरंजीवरून आवाज आला, "बाई, आज सगळे चमकतायतच की!"

खडू हातात तसाच राहिला. बावीस वर्षं शिकवतेय, आणि हे लक्षात आणून दिलं कुणी, तर ज्याला अजून 'बिकॉज'चं स्पेलिंग येत नाही त्या पोरानं.

रात्री कोश घेऊन बसले. एस-एन काढलं. स्निफ, स्नीझ, स्नोअर, स्नॉर्ट, स्नॉट, स्नाउट. हुंगणं, शिंकणं, घोरणं, फुरफुरणं, शेंबूड, डुकराचं नाकाड. सगळा कारभार नाकाचा! टी-डब्ल्यू काढलं तर जिथे तिथे 'दोन'. डब्ल्यू-आरला काहीतरी पिळणं नाहीतर वळणं. पहाटे दोनला यजमानांनी दिवा घालवला तेव्हा उठले.

माझा कोश अप्पा बळवंत चौकातून जुना घेतलेला आहे. त्यात अर्थ आहेत, शब्द कुठून आला ते नाही. हा योगायोग आहे का? पोराला शुक्रवारी उत्तर द्यायचंय.

उंटावरून | बुधवार, रात्री १०.१५

योगायोग. ग्लू, ग्लव्ह, ग्लोब, ग्लायडर हेही जी-एलच. डिंक चमकतो का? हातमोजा चमकतो का? ग्लूम तर सरळ अंधार. पटणारे मोजायचे आणि न पटणारे सोडून द्यायचे, पेपरातल्या राशिभविष्यासारखं. स्नो आणि स्नेकला कुठलं नाक?

हिरवीमिरची | बुधवार, रात्री १०.२२

स्नो पडला की नाक गळतं हो उंटदादा. महाबळेश्वरच्या थंडीत जाऊन बघा.

पाणिनीय चहा | गुरुवार, सकाळी ६.५०

ओसरीवरताई, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरल्यात, आणि उंटावरून यांनी ती पिशवीच फेकून दिली.

आपल्या जुन्या वाड्यांत दोन तऱ्हेची माणसं असायची. मालकाचे भाऊबंद आणि भाडेकरू. पत्ता एकच. भाडेकरू चाळीस वर्षं राहिला की त्याचंही बोलणं-चालणं वाड्यासारखंच व्हायचं, बाहेरच्याला पत्ता लागायचा नाही कोण कुणाचं ते. या अक्षरांचं तेच आहे.

टी-डब्ल्यू हे बरेचसे भाऊबंद. टू, ट्विन, ट्वाइस, ट्वेंटी, बिट्वीन. 'टू'मधला डब्ल्यू आता मुका झालाय, पण 'ट्विन'मध्ये अजून बोलतो. आपलं 'द्वि' आणि त्यांचं 'ट्व' एकाच घरातलं, तिकडे 'द'चा 'ट' झाला इतकंच. दश-टेन, दंत-टूथ हीही तीच तऱ्हा. ट्वेल्व्ह म्हणजे मुळात 'दोन उरले', दहा मोजून झाल्यावर. ट्वायलाइट म्हणजे दिवस आणि रात्र या दोहोंमधला उजेड.

जी-एलमध्ये सरमिसळ आहे. ग्लो, ग्लास यांच्यामागे 'चमकणं, पिवळं-हिरवं असणं' अशा अर्थाचा एक फार जुना धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, धरतात. त्याच धातूतून त्यांचं गोल्ड आणि यलो आलं, आणि आपल्याकडे हिरण्य, हरित, हरिद्रा. म्हणजे ताई, तुमच्या फळ्यावरचा ग्लो आणि स्वयंपाकघरातली हळद लांबच्या चुलत बहिणी. हिरवा रंगसुद्धा त्याच गोतावळ्यात.

आता भाडेकरू बघा. ग्लॅमर! याच्याइतकं चमकदार काय असेल? पण हा शब्द आला ग्रामरवरून. होय, व्याकरणावरून. लिहिता-वाचता येणारा माणूस जादूटोणाही जाणतो असा समज होता, म्हणून ग्रामर म्हणजे गूढ विद्या. स्कॉटलंडमध्ये त्याचा उच्चार बदलून ग्लॅमर झाला, अर्थ नजरबंदी. पुढे कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या लेखनातून तो सगळीकडे गेला. 'आर'चा 'एल' काय झाला, स्वारी येऊन बसली थेट ग्लिटर आणि ग्लीमच्या पंगतीत, आणि नजरबंदीची झाली झगमग.

ग्लूमचा मूळ अर्थ अंधार नव्हे बरं का, कपाळाला आठ्या घालणं.

हिरवीमिरची | गुरुवार, सकाळी ७.३०

व्याकरणात ग्लॅमर आहे हे आमच्या शाळेतल्या बाईंना कुणीतरी वेळेत सांगायला हवं होतं.

टी-डब्ल्यूमध्ये माझी भर: मार्क ट्वेन. मिसिसिपी नदीत बोट चालवताना दोर सोडून खोली मोजायचे आणि दोन फॅदम, म्हणजे बारा फूट पाणी लागलं की 'मार्क ट्वेन' असा पुकारा व्हायचा. बोट पुढे न्यायला हरकत नाही. सॅम्युअल क्लेमेन्स स्वतः बोटीवर पायलट होता, त्याने तोच पुकारा टोपणनाव म्हणून घेतला. 'दोन वाव' नावाचा लेखक मराठीत कसा वाटला असता?

ताणाबाणा | गुरुवार, दुपारी १.०५

प्रथमच लिहितोय. तीस वर्षं कापडाच्या धंद्यात गेली, आता कोथरूडला मुलाकडे असतो.

टी-डब्ल्यूमध्ये आमचे शब्द राहिले. ट्वाइन म्हणजे सुतळी, दोन पदर एकमेकांवर पिळलेले. ट्विस्ट म्हणजे पीळ, त्यातही दोन पदरच. आणि ट्विल, म्हणजे ज्या विणीची जीन्स असते ती. हा शब्द 'दोन धाग्यांचं' या अर्थाच्या लॅटिन शब्दावर बेतलेला. ऐकून कुणालाही दोसुती आठवेल, पण घोळ करू नका. तुळशीबागेत भरतकामासाठी जी दोसुती मागतात तिची वीण साधीच, फक्त उभा-आडवा धागा दुहेरी घेतलेला. ट्विलमध्ये आडवा धागा दर ओळीला एक घर सरकतो, म्हणून कापडावर तिरकी रेघ उमटते. जीन्सचा पाय उलटा करून उजेडात धरा, रेघ दिसेल. नाव एकाच कल्पनेचं, काम वेगळं.

ट्वीड मात्र या घरचा नाही, म्हणजे आहेही. स्कॉटलंडमध्ये ट्विलला ट्वील म्हणत. कुणीतरी ते ट्वीड असं चुकीचं वाचलं, त्यात ट्वीड नावाची नदी तिकडे आहेच, म्हणून चूक खपून गेली, असं कोशकार सांगतात.

आणि अक्षरांवरून निघालंच आहे तर: सुताचा पीळ आम्ही एस आणि झेड या अक्षरांनी ओळखतो. धागा उभा धरायचा. पिळाची तिरकी रेघ एसच्या पोटातल्या रेघेसारखी झुकली तर एस-पीळ, झेडसारखी झुकली तर झेड-पीळ. दोन धागे एकत्र पिळायचे तर मूळ पिळाच्या उलट दिशेने पिळतात, म्हणजे दोरा उकलत नाही. इथे अक्षराचा अर्थ त्याच्या चेहऱ्यातच आहे.

ओसरीवर | गुरुवार, दुपारी २.१०

ताणाबाणा काका, आत्ता कपाटातून मुलाची जीन्स काढून बघितली. रेघ आहे! लिहीत राहा.

जुळारी | गुरुवार, दुपारी ४.३०

ट्वीडची चूक वाचून राहवलं नाही. मी जुना खिळे जुळारी. छापखान्यात शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवत उभा राहून आयुष्य गेलं. आमच्याकडे 'घ'च्या खणात 'ध' पडला की संपलं. एका लग्नपत्रिकेत 'घरचे' हवं तिथे 'धरचे' गेलं होतं, पाचशे पत्रिका. मालकांनी माझ्या पगारातून कागद कापला. 'भ' आणि 'म' हीसुद्धा तशीच दगाबाज जोडी. दिव्याच्या उजेडात खिळा उलटा वाचायचा असतो, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

तर मुद्दा स्नीझचा. जुन्या इंग्रजीत हा शब्द एस-एनने सुरूच होत नव्हता, एफ-एनने व्हायचा. फ्नीझ म्हणा. तेव्हा एस अक्षराचं एक लांब रूप होतं, उभी काठी आणि वर वळण, एफसारखंच, फक्त मधली आडवी रेघ अर्धवट. एफ आणि लांब एस शेजारी ठेवले तर भले भले फसतील. त्यात एफ-एनने सुरू होणारे शब्द एकेक करून भाषेतून गेले, हा एकटा उरला. लोकांनी त्याला एस समजून वाचलं, आणि शिंक स्निफ-स्नोअरच्या रांगेत जाऊन बसली. चूक टिकली कारण ती शोभली. माझी 'धरचे' नाही टिकली.

उंटावरून | गुरुवार, रात्री ११.००

जुळारी काकांचा मुद्दा मान्य. पण त्याने माझंच म्हणणं सिद्ध होतं. शिंकेचा शब्द अपघाताने एस-एनमध्ये आला. म्हणजे एस-एनमध्ये मुळात नाक नव्हतंच, आपण बसवलं.

पाणिनीय चहा | शुक्रवार, सकाळी ६.४०

आपण बसवलं हेच तर मी म्हणतोय! पण एकदा बसल्यावर ते खरं होतं. पुढे येणारे शब्द त्या नाकाच्या ओढीने येतात. स्नॉर्केल बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांच्या हवेच्या नळीचं नाव. जर्मन नौसैनिकांच्या बोलीत त्याचा अर्थ नाक, आणि घोरण्याच्या त्यांच्या शब्दाशी त्याचं नातं. इंग्रजीत आला तो एस-एन घेऊनच, आणि कुणालाही परका वाटला नाही.

तुमचा विद्यार्थी हे हेरणारा पहिला नाही, ताई. गणितात अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह आणणारा जॉन वॉलिस, त्याने १६५३ साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. त्यात अशा अक्षरजोड्या आणि त्यांचे अर्थ दिलेत. पुढे १९३० साली भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी अशा जोडीला फोनेस्थीम असं नाव दिलं. हे फर्थसाहेब त्याआधी काही वर्षं लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. तिथल्या बाजारात रोज कानावर चमचम, झमझम पडून त्यांना हे सुचलं असेल, असं मला आपलं वाटतं. पुरावा मागू नका.

भाऊबंद कोण आणि भाडेकरू कोण हे कळतं मात्र पुराव्यानेच. शब्द कुठल्या साली, कुठल्या वाक्यात, काय अर्थाने आला याच्या चिठ्ठ्या करायच्या आणि तारीखवार लावायच्या. ऑक्सफर्डचा मोठा कोश असाच झाला, पहिला भाग १८८४ साली, शेवटचा १९२८ साली. आपल्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा कोश १९४८ पासून याच रीतीने चाललाय, कोटीच्या घरात चिठ्ठ्या आहेत. लोखंडी कपाटांच्या त्या रांगांमधून एकदा चालून बघा. चिठ्ठी नसेल तर ग्लॅमरला कुणीही हिरण्याची बहीण म्हणून मोकळा होईल.

हिरवीमिरची | शुक्रवार, सकाळी ९.१५

इंग्रजीचं कौतुक पुरे. आमच्या 'झ'कडे बघा. झळकणं, झळाळी, झगमग, झगझगीत, झकपक, झिलई. जी-एलच्या तोंडात मारेल.

उंटावरून | शुक्रवार, सकाळी ९.३०

आणि झोका, झोपाळा, झोळी, झालर, झूल? हे चमकत नाहीत, लोंबतात.

हिरवीमिरची | शुक्रवार, सकाळी ९.३३

झुंबर.

उंटावरून | शुक्रवार, सकाळी ९.४०

...बरं. एक गुण तुम्हाला.

पाणिनीय चहा | शुक्रवार, सकाळी १०.२०

मिरची, तुमच्या यादीतली झिलई घरची नाही. अरबी 'जिला', म्हणजे लकाकी. आपल्याकडे जिलई, जिल्हई अशीही रूपं होती. 'ज'चा 'झ' झाला तो झगमग-झळाळीच्या शेजारामुळे असं मला वाटतं. मराठीतलं ग्लॅमरच म्हणा.

मराठीतला माझा आवडता गट 'ग' आणि पुढे 'ट-ठ-ड'चा. गाठ, गुठळी, गठ्ठा, गाठोडं, गोटा, गड्डा, गुंडी, गोंडा. सगळं गोल, हातात धरण्याजोगं. इंग्रजीत हे काम शब्दाच्या शेपटाकडे असतं: बम्प, लम्प, हम्प, स्टम्प, प्लम्प. टेंगूळ, गोळा, कुबड, खुंट, गुबगुबीत.

निमूट | शुक्रवार, दुपारी १२.००

बरेच दिवस नुसती वाचते, आज धीर करून लिहितेय. माझी मुलगी चौथीत आहे. तिला डब्ल्यू-एच प्रश्न शिकवलेत. व्हॉट, व्हेन, व्हेअर, हू, व्हाय आणि हाऊ. ती विचारते, हाऊ एचने सुरू होतं, मग ते यांच्यात कसं? मला उत्तर आलं नाही. आपल्याकडे सोपं आहे, सगळे 'क'च: काय, कधी, कुठे, कोण, का, कसं, किती.

पाणिनीय चहा | शुक्रवार, दुपारी १२.४५

निमूट, तुमच्या लेकीने बरोबर बोट ठेवलंय. आणि उत्तर तुम्हीच अर्धं दिलंत, तो आपला 'क' आणि त्यांचा डब्ल्यू-एच एकच. मूळ ध्वनी 'क्व'सारखा. लॅटिनमध्ये तो क्यू-यू झाला, आपल्याकडे 'क', इंग्रजीत ओठ गोल करून 'ह्व'. जुन्या इंग्रजीत लिहायचेही तसंच, आधी एच मग डब्ल्यू. फ्रान्सहून नॉर्मन लोक इंग्लंडात आल्यानंतरच्या लेखनिकांनी क्रम उलटा केला. हाऊ याच घरातला, त्याचा डब्ल्यू मात्र फार आधीच गळाला. आणि हूमध्ये उलटं, डब्ल्यू लिहितात पण बोलतात नुसता 'ह'. नापास मात्र होल, म्हणजे अख्खा. त्याला कधी डब्ल्यू नव्हताच, हील आणि हेल्थचा तो भाऊ. मागाहून कुणीतरी डब्ल्यू चिकटवला.

लेकीला दुसरी ओळही दाखवा. कुठे-तिथे, कधी-तेव्हा, काय-ते. तिकडे व्हेअर-देअर, व्हेन-देन, व्हॉट-दॅट. प्रश्नाला 'क', बोट दाखवायला 'त'. त्यांचा टी-एच म्हणजे आपला 'त'.

निमूट | शुक्रवार, दुपारी ३.३०

शाळेतून आल्या आल्या दाखवलं. 'जिथे' कुठंय विचारतेय.

ओसरीवर | शुक्रवार, दुपारी ३.५०

बघा, आता तुम्हालाही झोप नाही!

पटकन डब्ल्यू-आर आणि के-एनचं कुणी सांगाल का? पाचला मुलं येतील.

पाणिनीय चहा | शुक्रवार, दुपारी ४.०५

चहा ठेवलाय, म्हणून थोडक्यात. रिंग म्हणजे पिळणं, रिस्ट म्हणजे वळणारा सांधा, रेंच म्हणजे पिळणारा पाना, रीथ म्हणजे वळलेली माळ, राँग म्हणजे मुळात वाकडं. आपण नाही का 'वाकडं पाऊल' म्हणत? राइट, म्हणजे लिहिणं, यातला नाही. त्याचा मूळ अर्थ ओरखडा काढणं. संस्कृत लिख् म्हणजेही आधी खरवडणंच.

के-एनमध्ये नी म्हणजे आपला जानु, नो म्हणजे जाण, ज्ञान. त्यांनी के बोलायचा सोडला. हसू नका, आपणही ज आणि ञ लिहितो नि 'द्न्यान' म्हणतो.

उंटावरून | शनिवार, सकाळी ८.१०

हरलो असं नाही, पण प्रयोग केला. काल हिंजवडीहून परतताना बसमध्ये दोन खोटे शब्द बनवले: ग्लिंब आणि स्नॉर्प. शेजारच्या चौघांना विचारलं, एक नाकाचा आहे, एक उजेडाचा, ओळखा. चौघांनीही बरोबर सांगितलं. पण चौघेही इंग्रजीतच दिवस काढणारे, त्यांचा कान तयार झालेला.

म्हणून घरी आजीला विचारलं. तिला इंग्रजीचा गंध नाही. नाक-उजेड काही न सांगता नुसते शब्द म्हणून दाखवले. ग्लिंब म्हणजे काय वाटतं? "लिंबाचं काहीतरी." स्नॉर्प? "पातळ काहीतरी ओरपायचं असेल. कढी केलीय का?"

म्हणजे अक्षरात मुळातच उजेड किंवा नाक असतं, तर आजीलाही दिसलं असतं. तिला आपल्या मराठीतलं ओरपणं ऐकू आलं. माझा निकाल: भाडेकरू आहेत, पण प्रत्येक वाड्याचे वेगळे.

जुळारी | शनिवार, सकाळी ९.००

आजींना कढी दिली का?

उंटावरून | शनिवार, सकाळी ९.०५

रात्रीच केली.

ओसरीवर | शनिवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शिकवणीत हळद आणि ग्लो सांगितलं, फळ्यावर लांब एस काढून फ्नीझ सांगितलं. सातही जणांनी एकदम फ्नीझ करून दाखवलं, खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी वर येऊन चौकशी केली. एस-एन म्हणजे नाक हे आता कुणी विसरणार नाही, या आनंदात होते. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून तोच मुलगा:

"बाई, मग स्नेहसंमेलन?"

हिरवीमिरची | शनिवार, रात्री ८.४१

डिसेंबरात असतं ना? सगळ्यांची नाकं वाहतच असतात.

पाणिनीय चहा | शनिवार, रात्री ९.१५

मिरची, थांबा. स्नेह म्हणजे मुळात तेलकट चिकटपणा, ओलसरपणा. आणि त्याचा धातू इंग्रजी स्नोचा भाऊबंद धरतात. उंटावरून यांनी पहिल्याच दिवशी विचारलेला तोच स्नो. ताई, त्याला सोमवारी सांगा.